श्पितालू की श्पिताला

धाकटा भाऊ पोलंडला एका गोदामात कामाला लागला, तेव्हा त्याच्याबरोबर मीही मोबाईलवरून पोलिश शिकले. तिथं सात विभक्ती आहेत. आपण घरात, घरातून म्हणतो, तसा तिथंही शब्दाचा शेवट बदलतो.

मागच्या हिवाळ्यात एकदा त्याचा फोन सारखा बंद लागू लागला. अहमदपूरच्या घरी आईनं जेवण सोडलं. शेवटी मी त्याच्या घरमालकिणीला फोन लावला. बाई भरभर बोलत होत्या. त्यातला एकच शब्द मला कळला, श्पिताल. म्हणजे दवाखाना.

आईनं माझा दंड घट्ट धरला. "काय म्हणून राहिली ती? लेकरू बरं हाय ना?"

मी बाईंना पुन्हा सांगायला लावलं आणि शब्दाच्या शेवटाकडे कान दिला. 'फ श्पितालू' म्हणजे दवाखान्यात. बाई 'झे श्पिताला' म्हणत होत्या, म्हणजे दवाखान्यातून. पुढं 'व्रात्सा', परत येतोय.

"आई, तो दवाखान्यातून घरी येऊन राहिलाय."

"खरं सांग."

खरं मलाही ठाऊक नव्हतं. शेवटचा एक स्वर चुकीचा ऐकला असेल तर?

संध्याकाळी मित्राच्या फोनवरून त्याचा व्हिडिओ कॉल आला. यंत्रात हात सापडला होता, त्यातच मोबाईलही फुटला होता. आई रडायला लागली. मी त्याला हात वर करायला लावला. पट्टीबाहेर पाचही बोटं हलताना दिसली, तरी मी त्याला ती पुन्हा एकदा हलवायला लावली.