हार्डिंगच्या फौजेचा सुतार

झाडाला हात लावल्याशिवाय मनोहर मेस्त्री त्याच्याविषयी बोलत नसे. १९९३ च्या ऑगस्टची पहिली तारीख, रविवार. सिंगापुरात पासिर रिसच्या जुन्या कंपाँगमधली, मलय वस्तीतली, घरं पाडून झाली होती. तिथे नवे फ्लॅट उठणार होते. राहिली होती फक्त झाडं, आणि सोमवारी बुलडोझर येणार होता. मनोहरने एका टेंबुसूच्या बुंध्याला तळवा टेकवला, कुऱ्हाडीच्या पाठीने दोनदा ठोकलं आणि आवाज ऐकला.

"हे घेऊ या साहेब. सरळ धाग्याचं आहे."

साहेब म्हणजे पीटर हार्डिंग. सोमवार ते शनिवार जहाजांच्या यार्डाचा मॅनेजर आणि रविवारी रोमन सेनापती. सिंगापुरातल्या निरनिराळ्या कंपन्यांमधले वीसएक साहेबलोक त्याने जमवले होते. डोक्यावर शिरस्त्राण, हातात ढाल आणि भाला घेऊन ते समुद्रकिनाऱ्यावर कवायत करत. हार्डिंगची अट एकच होती. विकतची एकही वस्तू चालणार नाही. रोमन लोक जसं झाड पाडून हाताने घडवत, तसंच सगळं झालं पाहिजे. हात मात्र मनोहरचे. तो यार्डात सुतारांचा फोरमन होता, आणि रविवारच्या या कामाला तो नाही म्हणू शकत नव्हता.

कारण साधं होतं. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, सिंगापुरात नोकरी करण्याचा परवाना, १९९४ च्या फेब्रुवारीअखेर संपत होता. पुढची मुदत हार्डिंगच्या पत्राशिवाय मिळाली नसती. मुलगी किमया जानेवारीत ज्युनियर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती आणि तिची परीक्षा १९९४ च्या नोव्हेंबरात होती. पास गेला की बाप, आई, मुलगी तिघांनी मुकाट्याने सामान बांधायचं. तिची दोन वर्षं पाण्यात गेली असती.

मनोहरने झाड पाडलं, पाचरी ठोकून उभं फोडलं आणि वाकसाने तासून दांडे काढले. मग त्याने जैतापूरच्या खाडीवर त्याचे वडील करत तेच केलं. वुडलँड्समधल्या त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर खाजण होतं. तिथल्या खाऱ्या चिखलात त्याने सगळं लाकूड पुरून ठेवलं. चिखलात मुरलेलं लाकूड तडकत नाही, त्याला कीड लागत नाही. वडिलांच्या होड्या चाळीस-चाळीस वर्षं तरंगल्या होत्या. नोव्हेंबरात लाकूड काढून त्याने सावलीत वाळवलं आणि ढालींच्या चौकटी, मुठी, भाल्यांचे दांडे घडवले. हार्डिंगने आणलेल्या लोखंडी खिळ्यांनी सगळं जोडलं. वडिलांच्या होड्यांना खिळे तांब्याचे असत. खारवलेल्या लाकडात लोखंड ठोकलेलं मनोहरने जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून त्याचं पुढे काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

१६ जानेवारीला साहेबलोकांच्या क्लबच्या हिरवळीवर पाहुण्यांसमोर खेळ झाला. हार्डिंगने ढाल उचलून गर्जना केली आणि ढाल खाली पडली. मूठ तेवढी हातात राहिली. लाकडातल्या मिठाने खिळे आतून खाऊन टाकले होते. आणखी तीन ढाली तशाच निखळल्या. बायका हसल्या. कुणीतरी ओरडलं, "पीटर, साम्राज्य गेलं रे!"

हार्डिंगही हसला. मनोहरला ते हसणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर पासचं पत्र टाइप करून ठेवलेलं होतं. सही व्हायची होती. बाजूला प्रकाश बसला होता. हा मुंबईचा मरीन इंजिनिअर, वय चौतीस. साहेबाला खूश ठेवायचं म्हणून सहा महिन्यांपूर्वी तोही फौजेत भरती झाला होता.

"सही करणारच आहे मी," हार्डिंग म्हणाला. "पण रोमन फौजेत निष्काळजी शिपायाला त्याचेच सोबती काठ्यांनी मारायचे. पाहुण्यांना तो प्रसंग दाखवू. महिनाअखेरीच्या रविवारी. गंमत म्हणून. काठ्या तूच करून आण. वीस."

"मी शिपाई नाही साहेब."

"मग भरती झालास असं समज."

बाहेर पडताना प्रकाश मराठीत म्हणाला, "मनावर घेऊ नका मनोहरकाका. नाटक आहे. हळूच लावतील. पिक्चरमध्ये मारतात तशी."

"तुला बरं माहीत!"

"अहो, मीसुद्धा मारणारच आहे ना, म्हणून सांगतो."

घरी मनोहरने फक्त बायकोला, रत्नाला सांगितलं. ती ताट वाढता वाढता थांबली. "किमयाच्या कानावर जाता कामा नये," एवढंच म्हणाली आणि वाढू लागली.

मनोहरने डोकं चालवलं. पुलाईचं लाकूड हलकं, भेंडासारखं. त्याच्या वीस काठ्या तासल्या, वर गडद तेल चोळलं. दिसायला टेंबुसूच, पण लागली तर चापटीएवढी. शुक्रवारी जुडी केबिनमध्ये नेऊन ठेवली. हार्डिंगने एक काठी उचलली, तळहातावर तोलली, नखाने कड खरवडली.

"पुलाई. वजनावरून लाकूड कसं ओळखायचं ते तूच शिकवलंस मला, मॅनी. उत्तम शिक्षक आहेस." त्याने जुडी दाराबाहेर टाकली. "टेंबुसू उरलंय अजून. रविवारी सकाळी आण."

शनिवारचा अख्खा दिवस मनोहरने टेंबुसूच्या वीस काठ्या केल्या. घासून गुळगुळीतही केल्या.

३० जानेवारी. हिरवळीवर छत्र्यांखाली पाहुणे, गार पेयं, सँडविचेस. मनोहरला बिनबाह्यांचा जाडाभरडा अंगरखा घातला होता. दोन रांगांमधून त्याने चालत जायचं. पळायचं नाही, पळालं की शोभा जाते, असं हार्डिंगने बजावलं होतं. पहिल्या चौघापाचजणांनी खरोखरच हळू मारलं. मग कुणीतरी आवाज निघेल असं मारलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढचा प्रत्येकजण आवाज निघेल असंच मारू लागला.

रांगेच्या शेवटी प्रकाश होता. मनोहरने त्याच्याकडे पाहिलं. इथे तरी संपलं, असं त्याला वाटलं असावं.

प्रकाशने हार्डिंगकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी काठी उचलली. आपली बरगडी मोडल्याचा आवाज मनोहरने स्वतः ऐकला.

"वा!" हार्डिंग ओरडला. "ह्याला म्हणतात रोमन!"

मनोहर गुडघ्यावर बसला होता. प्रकाश वाकून पुटपुटला, "सॉरी हं काका. माझीही प्रमोशनची फाइल त्यांच्याकडेच आहे."

सही हार्डिंगने तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केली. मनोहरने कागद दोनदा वाचला. मुदत दोन वर्षांची मागितली होती. पत्रात ३० नोव्हेंबरपर्यंतचीच होती.

"पोरीची परीक्षा तोवर संपते ना?" हार्डिंग म्हणाला. "तेवढंच तर हवंय तुला. मी चौकशी केली. आणि पाहुण्यांना आवडलंय. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठेवू या."

घरी त्याने किमयाला शिडीवरून पडलो असं सांगितलं. किमयाने पुस्तकातून मान वर केली. "पापा, डॉक्टरकडे जा ना. एमसी घ्या, रजेचं सर्टिफिकेट. व्हाय सो स्टबर्न, लाह!" आणि ती पुन्हा वाचू लागली. तिला दुसऱ्या दिवशी टेस्ट होती.

तीन आठवड्यांत मनोहरला वाकता येऊ लागलं. नोकरी गेली तर पासही गेला असता, म्हणून पुढचा खेळ चुकवता येणार नव्हता. पहिल्या खेळात सात काठ्या मोडल्या होत्या, त्या भरून द्यायच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून तो उरलेल्या टेंबुसूच्या फाळक्या चाळत होता. चिरलेल्या एकीकडे टाकायचा, सरळ धाग्याच्या मांडीपाशी ओढायचा. रत्ना दारात उभी राहून पाहत होती.

"अहो, चिरलेल्याच द्या की. एका फटक्यात मोडतील तरी."

मनोहरने मान वर केली नाही.

"चिरलेली मोडली की तिची कुसळं अंगात जातात," तो म्हणाला. "रंधा दे इकडे."