काचेवरची सात माणसं

आमच्या आतोबांच्या व्याख्यानाला गेलेला माणूस घरी एकटा परतत नसे, असं अकोल्यात सर्रास बोललं जायचं. बोलणारे काही भोळेभाबडे नव्हते. त्यात एक वकील होते, दोन हायस्कूलमधले मास्तर होते आणि पूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारे एक भटजी होते. सभागृहातून निघाल्यापासून आपल्या गल्लीत वळेपर्यंत मागून कुणीतरी कापडी जोडे घालून हळूहळू चालत येतंय असं वाटत राहतं, आणि वळून पाहिलं तर रस्ता मोकळा असतो, असं हे सगळे एकमेकांशी ठरवल्यासारखं सांगत. वकीलसाहेबांनी तर एकदा घराचं दार लावताना मागे पाहून "या, आत या" म्हटलं, आणि त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून पाहुणे किती आहेत ते विचारलं. त्यानंतर ते आतोबांच्या व्याख्यानाला येताना छत्री घेऊन येऊ लागले. छत्रीचा अशा कामी काय उपयोग, हे मला आजवर कळलेलं नाही. बरं, व्याख्यानाचा विषय भुताखेतांचा म्हणावा तर तसंही नाही. हँडबिलावर छापलेलं असे, 'चिनी समाज, कला व व्यापार, जादूच्या कंदिलाच्या चित्रांसह'.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तरुणपणी अकोल्याच्या एका पेढीने त्यांना वऱ्हाडी कापसाच्या नमुन्यांच्या पेट्या देऊन शांघायला धाडलं होतं. तिथे चार वर्षं ते लिन नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानावर, माडीवरच्या खोलीत राहिले आणि त्यांच्याच घरी जेवले. काय जेवले हे आत्याने कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही, म्हणून संसार सुरळीत झाला. शहरावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा मिळेल त्या बोटीने ते परत आले, ते छायाचित्रांच्या काचांची एक पेटी छातीशी धरून. पुढे जिनिंगच्या कारखान्यात कापसाची प्रत ठरवायची नोकरी धरली. चिमूटभर कापूस बोटांत ओढून धाग्याची लांबी ते अचूक सांगत, पण ओढता ओढता त्यांची नजर कुठेतरी दूर लागलेली असे. आत्या म्हणायची, "हे फक्त जेवाले अकोल्यात येतात."

स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात हिंदुस्थान आणि चीनच्या भाईचाऱ्याचा जोर होता, त्यामुळे आतोबांना मोर्शीपासून तेल्हाऱ्यापर्यंत बोलावणी येत. मी अमरावतीला शाळेत मास्तर. सुटीच्या दिवशी काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडणारा तो कंदील चालवायचं काम माझ्याकडे. एसटीत तो कंदील आत्याच्या गोधडीत गुंडाळून आतोबा मांडीवर घेत, आणि कंडक्टरने सामान टपावर टाकायला सांगितलं की "आजारी मानूस आहे" असं गंभीरपणे सांगत. अंधार हवा म्हणून भरदुपारी सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या जात. व्याख्यान छापील मराठीत सुरू होई आणि दहाव्या मिनिटाला वऱ्हाडीवर येई. चिनी नाटकातले रंगवलेले चेहरे, चहाची दुकानं, कागदाचे कंदील, ब्रशाने पाटी रंगवणारा म्हातारा, सगळं क्रमाने येई. व्यापाराचा भाग आला की आतोबा श्रोत्यांतल्याच एखाद्या कापसाच्या दलालाला वर बोलावत. आपल्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तसा तिकडे लांब बाहीत हात घालून ठरतो, हे ते करून दाखवत. तेल्हाऱ्याला असा एक जाडजूड दलाल वर आला. आतोबांच्या बाहीत हात घालून तो हसत उभा होता, आणि हसता हसता एकदम गप्प झाला. खाली उतरल्यावर म्हणाला, "अंदर दोन हात होते, भाऊ. एक लई थंडा होता." लोक खूप हसले. तो मात्र हसला नाही, आणि व्याख्यान संपेपर्यंत उजवा हात काखेत धरून बसला.

पण आतोबांच्या कार्यक्रमाचा प्राण म्हणजे शेवटची काच. दुकानासमोर लिन कुटुंब उभं आहे. थोरले शेठ, त्यांची बायको, दोन मुलगे, एक सून, मधोमध मण्यांची हिशेबाची चौकट मांडीवर घेऊन बसलेला मुनीम वू, आणि अगदी कडेला दाराच्या खांबाला टेकलेली सहा वर्षांची नात, मेई. उन्हाकडे तोंड असल्याने कपाळाला आठ्या घालून ती फोटोवाल्याकडे रागाने पाहते आहे. आता दुसरा कुणी वक्ता असता तर 'हे एक व्यापारी कुटुंब' म्हणून पुढे गेला असता. आतोबा वऱ्हाडातले. घरी आलेल्या माणसाची ओळख करून न देता त्याला उभं ठेवणं त्यांना जमणार कसं? "हे थोरले शेठ. नमस्कार करा," असं ते म्हणत, आणि सगळं सभागृह भिंतीवरच्या माणसाला नमस्कार करी. मग शेठजींची एखादी हकीकत. मग बाई, मग मुलगे. वूची हकीकत सगळ्यात लांब, कारण तो विनोदी माणूस होता. शेंदूरजनाघाटला एका संत्रेवाल्याने अंधारातून अगदी आपुलकीने विचारलं, "जेवले काय, मुनीमजी?" त्यावर आतोबांनी चिनीत उत्तर दिलं. पण आवाज आतोबांचा नव्हता. पातळ, किनरा, जरा खोकत बोलणारा आवाज होता तो. पुढे दोन मिनिटं कुणी विडीसुद्धा पेटवली नाही. मेईपाशी मात्र आतोबा कधी थांबत नसत. "आन् ही मेई," एवढं म्हणून घाईने मला हात करीत, आणि मी काच काढून घेई.

मोर्शीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "गेल्या सालचे मुनीमजी कोठी गेले?" मी पडद्याकडे पाहिलं. वूचा अंगरखा होता, मांडीवरची चौकट होती, तिच्यावरची बोटंसुद्धा होती. चेहऱ्याच्या जागी अंड्याच्या टरफलासारखं पांढरं काहीतरी होतं. आतोबांनी त्याच पांढऱ्याकडे बोट करून त्याची सगळी हकीकत सांगितली, पण घरी आल्यावर ते जेवले नाहीत. आत्याने काय झालं ते विचारून घेतलं आणि न्हाणीघरात पाणी ठेवलं. "आंघोळ करून घ्या," ती म्हणाली, "आपल्या जेवल्या-खाल्ल्या घरचं मानूस आहे." दोघांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मला हसू आवरेना. तीन महिन्यांनी लिनच्या थोरल्या मुलाचं पत्र आलं. वर्षाकाठी एखादं येत असे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. वू वारला होता. पत्र माझ्याच हातात होतं आणि ते वाचून होईपर्यंत माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही.

अकोल्यात रहीमभाई म्हणून घड्याळं आणि कंदील दुरुस्त करणारे एक कारागीर होते. आम्ही ती काच त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती डोळ्याशी धरून निकाल दिला. "भाईसाब, यात भूतबीत काई नाई. दिव्यानं काच तपते, फोटोचा मसाला जळते. तुमी एकेकाची पयचान करून देता अर्धा अर्धा घंटा. मुनीम बीचमें बैठा है, त्याले सगळ्यात जास्त आच लागली." हे शंभर टक्के खरं होतं. आतोबांच्या आतिथ्यानेच ती माणसं भाजून निघत होती. आतोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तथी वू काहून मेला, रहीमभाई?" रहीमभाईंनी काच परत दिली आणि ती तपासल्याचे पैसे घेतले नाहीत.

यानंतर काचेवरची शेठाणी पांढरी झाली. आत्याने पाणी ठेवलं, आणि पुढच्या पावसाळ्यात ती वारल्याचं पत्र आलं. मग पत्र लिहिणारा मुलगा पुसट झाला, आणि पत्रंच बंद पडली. मी आतोबांना विनवलं की ही काच आता लावू नका. ते म्हणायचे, "नाई लावली तर त्यायले पायते कोण? अंधारात पडून राहतीन." एकेक करून शेठ, धाकटा मुलगा, सून गेले. शेवटी पडद्यावर सहा अंगरखे बिनचेहऱ्याचे उभे राहिले आणि कडेला एकटी मेई, आठ्या घातलेली. त्या दिवशी आतोबांनी स्वतः पुढे येऊन दिवा मालवला. काच कापसात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि पुन्हा लावायची नाही असं ठरवलं. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता एवढी पोरच राह्यली रे. तिले सांभाळ." रेशनकार्डावर नसलेल्या त्या माणसांसाठी ही बाई एकेकदा सुतकाचं पाणी ठेवत आली होती, आणि आता तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, कबूल करतो.

आणि मग चीनच्या सरहद्दीवर लढाई लागली. अमरावतीच्या एका वाचनालयात आतोबांचं व्याख्यान आधीच ठरलेलं होतं. चालकांनी निरोप पाठवला की एकतर येऊ नका, नाहीतर 'चिनी कावा' या विषयावर बोला. आतोबा आले आणि त्यांनी कागदाच्या कंदिलांवर बोलायला सुरुवात केली. पाच मिनिटांत सभागृहात आरडाओरडा सुरू झाला. कुणी खुर्च्या आपटल्या, कुणी त्यांना खाली उतरायला सांगितलं. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक पागोटेवाला म्हातारा उठला आणि थेट मंचापाशी आला. मोर्शीकडचा संत्र्याचा बागाईतदार. त्याला पाहून लोक जरा गप्प झाले, कारण त्याचा मुलगा पलटणीत होता आणि महिनाभर त्याची खबर नव्हती, हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं.

"गुर्जी," तो म्हणाला, "माहा पोरगा तथी कोनाच्या समोर उभा आहे, ते मले मालूम नाई. म्या चिनी मानूस कदी पायला नाई. रोज रातच्याले डोये मिटले का मले निस्ता अंधार दिसते, आन् त्या अंधारातून कोनीतरी चालून येते. त्याले तोंडच नसते. मले एक तोंड दाखवा."

आतोबांचा हात कोटावर गेला आणि तिथेच राहिला. ती काच लावली तर मेई जाईल, अशी त्यांची पुरती खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तोवर माझीही झाली होती. समोर तो म्हातारा पागोटं सावरत उभा होता. आतोबांनी खिशातून पुडकं काढलं, कापूस सोडवला आणि काच माझ्या हातात दिली. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

पडद्यावर सहा रिकामे अंगरखे आले, आणि खांबाला टेकलेली ती. त्या दिवशी आतोबांनी पहिल्यांदा मेईची ओळख करून दिली. ती त्यांना रोज एक चिनी शब्द शिकवी, आणि चुकलं की कान ओढी. ते तापाने फणफणले तेव्हा तीन दिवस त्यांच्या दाराशी बसून राहिली. बॉम्ब पडत असताना ते पेटी घेऊन निघाले, तर तिने विचारलं की परत कधी येणार. "म्या तिले सांगतलं, उद्या येतो," आतोबा म्हणाले. काच तापत होती. मला कडेपासून पांढरेपणा सरकताना दिसला, तसा माझा हात दिव्याकडे गेला. "राहू दे," ते म्हणाले, "त्यायचं पाहून होऊ दे." आधी केस गेले, मग कपाळ, मग डोळे. म्हातारा शेवटपर्यंत पाहत होता. सगळं पांढरं झाल्यावर म्हणाला, "माह्या पोराहून थोडी मोठी असन आता," आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. लोक उठून गेले. त्या संध्याकाळी कुणाच्या मागे कुणी चालत आलं का, हे मी कुणाला विचारलं नाही.

आतोबांनी त्यानंतर व्याख्यान दिलं नाही. ते जिनिंगमध्ये जात आणि घरी येऊन गप्प बसत. दीड-दोन वर्षांनी मी अकोल्याला गेलो असताना तो म्हातारा संत्र्यांची टोपली घेऊन दारात आला. मुलगा परत आला होता. थंडीने पायाची तीन बोटं गेली होती, पण परत आला होता. आत्याने चहा टाकला. म्हाताऱ्याने इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, "पोरीची काई चिठ्ठी?"

"नाई," आतोबा म्हणाले. मग खाली पाहून, "मले आता तिचं तोंडई याद येत नाई. डोये मिटतो तं पांढरंच दिसते."

मला भयंकर वाईट वाटलं. मी सांगू पाहिलं, पण शंभरदा हाताळलेल्या त्या काचेतलं मलाही फक्त एवढंच आठवलं की तिच्या कपाळाला आठ्या होत्या आणि ती रागावलेली होती. तेवढं मी सांगणार, इतक्यात म्हातारा म्हणाला, "काहून? मले तं रोज दिसते. कपायावर एक बट होती. समोरचा एक दात नोता, नवा येऊन राह्यला होता. म्हनून तं हसताना अशी हातानं तोंड झाकत होती."

मी तोंड मिटलं. त्या काचेवर मेई हसत नव्हती, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. दात दिसायचा प्रश्नच नव्हता. आतोबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

"मी निंगालो त्याच्या आदल्या दिवशी पडला होता तो दात," ते हळूच म्हणाले. "फोटो काढल्यावर किती तरी दिवसानं." मग म्हाताऱ्याच्या जवळ सरकून त्यांनी विचारलं, "हसून राह्यली होती?"

"हो," म्हातारा म्हणाला.

आतोबांनी डोळे मिटले आणि त्याला आणखी सांगायला सांगितलं. आत्या चहा घेऊन आली ती दारातच थांबली, आणि तो सांगत राहिला.