हळदीकुंकवातला सेंट

परवा लिफ्टमध्ये एक मुलगी शिरली, तिच्यासोबत पाकासारखा गोड वास आला आणि शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मला एकदम पांडेसऱ्यातली नव्वदच्या दशकातली आमची खोली आठवली. वडील तिथल्या मिलमध्ये कापड रंगवायचे आणि आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. एका संक्रांतीला हळदीकुंकवासाठी तिने अत्तराऐवजी तेव्हा बायकांमध्ये फार चाललेला गोड सेंट आणला आणि हातावर फवारायचं काम मला दिलं. शेजारची वहिनी हात हुंगून म्हणाली, "पेढ्यासारखा येतो गं, अजून एकदा मार." समोरच्या काकूंनी मात्र मी फवारताच हात झटकला. "असले वास घरंदाज बायका लावत नाहीत," असं सगळ्यांदेखत म्हणून त्या मोरीत गेल्या, साबणाने हात धुऊन आल्या आणि जाताना वाणाची वाटी तेवढी न विसरता घेऊन गेल्या. आईने ती बाटली पुन्हा कधी उघडली नाही. मिलच्या रंगाचा उग्र वास आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या कपड्यांना यायचा, आईच्या बोटांना बाराही महिने गोंदाचा वास असायचा, तेव्हा कुणाचं घरंदाजपण आडवं आलं नव्हतं. आठवलं आणि डोकं तापलं. पदर लावलेल्या बाईंसमोरच मी त्या मुलीपुढे हात केला आणि म्हटलं, "बाटली जवळ असेल तर मलाही लाव."