अमानतीचा कापूस

ताहेर पिंजारी कामाचा वेडा होता, आणि असल्या वेड्याला कुणीही राबवून घेतं, हे मी आधीच सांगून ठेवते. अकोल्यात मोर्णेच्या काठी त्याचं घर. लोक काम संपलं की खूश होतात, हा उदास व्हायचा. दबून दगड झालेली जुनी रुई समोर टाकायची, पिंजणाची ताणलेली दोरी, म्हणजे तात, छेडायची, आणि रुईचा फेसासारखा ढीग वर आला की गडी एकटाच हसायचा. त्याची बायको बिल्कीस विचारायची, निकाह माझ्याशी लावलास की पिंजणाशी?

मग सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, पण गादी भरायला मूठभर रुई कुणी मोडेना. कापसाच्या मुलखात पिंजारी उपाशी, आता बोला! दोन हिवाळे ताहेरनं बाजारात ओझी वाहिली. बिल्कीस सांगायची, भुकेपेक्षा पिंजण खुंटीला लागलेलं बघणंच त्याला जास्त झोंबायचं.

अठराशे चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर भाव असा काही चढला की लोक गाद्या उसवून आतली रुई विकायला लागले. थट्टा नाही, खरंच विकली. बाजारातला एक शेठ ती सगळी उचलायचा आणि ताहेरकडून पिंजून नव्यासारखी करून घ्यायचा. मग ती नव्या मालात मिसळून त्याच्या गाड्या खामगावच्या कापूस-बाजाराला सुटायच्या. शुद्ध लबाडी होती ती, आणि ताहेरला कळत नव्हतं असंही नाही. पण जन्मात पाहिली नव्हती एवढी रुई त्याच्या पुढच्या खोलीत छताला टेकली होती. त्यानं डोळेझाक केली आणि पिंजत सुटला. त्या दिवसांत तो फार सुखात होता.

त्या मालात शेजारच्या जानरावच्या घरची गादीही आली. जानरावची लेक जमुना पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्याच लग्नात ताहेरनं ती गादी भरून दिली होती. दिवस भरायला दोन महिने आहेत, तोवर भाव उतरेल, नवी भरू, असा जानरावनं हिशेब केला.

पोर थांबलं नाही. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत एका पहाटे सातव्या महिन्यातच जमुना बाळंत झाली. मुलगी झाली, वीतभर. सुईण तानुबाईनं पाहिलं आणि सांगितलं, हिला पिंजलेल्या कापसात ठेवा, नाहीतर ही हाती लागत नाही. अपुऱ्या दिवसांची लेकरं तेव्हा अशीच जगवायचे, मऊ रुईत गळ्यापर्यंत पुरून. घोंगडी टोचते, चिंध्यांना ऊब नसते. आणि गावातली रुई होती कुठं, तर ताहेरच्या खोलीत.

जानराव धावत आला. कवेत मावेल एवढी रुई दे म्हणाला. बिल्कीसनं विचारलंसुद्धा नाही, सरळ ढिगात हात घातला. ताहेरनं तिचं मनगट धरलं.

"अमानत हाय ते," तो म्हणाला. "शेठले पुसतो अन् आलोच."

अरे बाबा, कसली अमानत? लबाडाचा माल, त्यातही त्याच पोरीच्या आईची गादी! पण त्याचा बाप, त्याचा आजा लोकांच्या घरची रुई पिंजत आले. त्यातली बोटभर ठेवून घेणारा पिंजारी म्हणजे मेलेला पिंजारी, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली आणि निघाला. जानराव त्याच्या पाया पडला तेव्हा तो म्हणाला, गेलो नि आलो.

शेठ घरी नव्हता, बार्शीटाकळीला गेलेला. ताहेर तसाच तिकडं चालत सुटला. इकडं बिल्कीसनं त्याची वाट पाहिली, आणि ऊन वर आलं तेव्हा वरवंटा घेऊन कुलूप फोडलं. रुई पोचली. पण पोरगी तोवर निळी पडून संपली होती. जमुनानं तिला त्या रुईत ठेवलं आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी ताहेर धापा टाकत परत आला. शेठ त्याला हसला होता. घे की लेका, म्हणाला होता, एवढ्याशा रुईसाठी कुणी इतकं चालत येतं?

बिल्कीस त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. त्यानं पिंजणाची तात तोडून टाकली आणि रेल्वेच्या भरावावर दगड फोडायला गेला. उन्हाळ्यात लढाई संपल्याची बातमी आली, भाव कोसळला, आणि शेठच्या रुईला कुत्रंही विचारेना. कापूस पुन्हा मातीमोल झाला. ती लढाई चारच महिने आधी संपायला हवी होती, असं मला वाटतं, आणि माझं डोकं फिरतं.

पुढल्या हिवाळ्यात जमुना दारात उभी राहिली. पुन्हा पोटुशी होती, डोक्यावर रुईचं गाठोडं होतं.

"चाचा, हे पिंजून द्या."

ताहेरनं हात जोडले. "माह्या हातून नाई होनार, बेटी. दुसऱ्या कोनाले दे."

"दुसऱ्याची इतकी मऊ नाई होत," जमुना म्हणाली. "माह्या लेकराले मऊ पायजे. तुमाले माफ कराले नाई आली मी."

आणि ती उंबऱ्यावर बसली. बिल्कीसनं नवी तात आणून नवऱ्यापुढं टाकली. ताहेरनं ती चढवली, पण पहिले ठोके भलतीकडंच पडले. मग हाताला आपोआप जुनी चाल सापडली. रुई फुटली, उसळली, वर आली. दगड फोडून चिरलेल्या त्या हातांना वर्षभरानं त्यांचं काम मिळालं होतं, आणि त्या खुळ्याच्या तोंडावर हसू फुटलं.

समोर जमुना बसली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. शरमेनं तो मेल्याहून मेला. पिंजण खाली ठेवून त्यानं तोंड झाकून घेतलं.

जमुना रडत होती. पदरानं तिनं नाक पुसलं.

"थांबू नका," ती म्हणाली. "हासा, पन थांबू नका."