दोन सूत डावीकडं

गजभिये काका मला पहिल्यांदा दिसले ते जमिनीवर पालथे पडलेले. शिवनाथ नदीचा काठ, डिसेंबरातली सकाळ, गळ्याला मफलर, पायात भिलईच्या स्टील प्लांटचे जाडजूड सेफ्टी शूज आणि एक गाल ओल्या वाळूला टेकलेला. मला वाटलं, गेला बिचारा म्हातारा! ‘काका, ओ काका’ करत मी धावले आणि त्यांच्या काखेत हात घालून उचलायलाच लागले. त्यांचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा टक्क उघडा. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “बाजूले हो ना बाई. उजेडात उभी राहून राहिली तू.”

मग मला त्यांच्या पोटाखालचा कॅमेरा दिसला. समोर नदीपलीकडे धुकं होतं आणि धुक्यात एक नाव. मी शरमेनं बाजूला झाले. पण माझाही स्वभाव काही गप्प बसण्यातला नाही. म्हटलं, “अहो, उभं राहूनही फोटो निघतो.” ते उठले, गालाची वाळू झटकली आणि म्हणाले, “निघते ना. जसा सगळ्यायचा निघते तसा निघते.”

चाळिशी ओलांडली की बायका योगाच्या वर्गाला जातात, मी कॅमेरा घेतला होता. माहेर दुर्गच्या मोहन नगरातलं, वडील रेल्वेत गार्ड, मी स्वतः बँकेत. आमच्या घराण्यात फोटो काढले जायचे ते लग्नात आणि रेशनकार्डासाठी. त्यामुळे मला शिकवायला कोणीच नव्हतं, आणि पुढची दोन वर्षं हा माणूस दर रविवारी मला शिकवत, खरं तर बोलणी खाऊ घालत राहिला.

काका प्लांटमधून रिटायर झाले होते. रेल्वेचे रूळ बनतात त्या मिलमध्ये ते इन्स्पेक्शनला होते. रुळाच्या टोकाशी गुडघे टेकायचे, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्या डोळ्यानं रुळाच्या अंगावरून थेट पलीकडच्या टोकापर्यंत बघत जायचं. कुठे बाक दिसला तर रिजेक्ट, नाहीतर पास. उभी नोकरी या एका कामात गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते तसंच बघायचे, आणि माझ्या फोटोंबद्दलही त्यांच्याकडे दोनच शब्द होते. त्यातला एकच माझ्या वाट्याला यायचा.

काकू म्हणायच्या, “यायच्या नादाले लागू नको बाई. मले पाहाले आले होते तवाही एक डोळा मिटूनच पाह्यलं यायनं. मी म्हटलं, रिजेक्ट करते का काय बाप्पा!” यावर काका गंभीरपणे म्हणायचे, “पास केलं ना पन.”

त्यांच्यासोबत कुठेही गेलं की पोहोचल्याबरोबर कॅमेरा काढायची सोय नव्हती. आधी थर्मासमधला चहा, मग हात पाठीमागे बांधून एक पूर्ण चक्कर. एकदा मी तिथेच लेन्सचं झाकण काढलं तर कडाडले, “पाव्हनी म्हनून कोनाच्या घरी गेली तर चहा तरी पेतेस ना आधी? का घुसल्याबरोबर लोकायचे कपाटं उघडतेस?” मला हसू आलं, पण त्या चकरेत जे दिसायचं ते नंतर कॅमेऱ्यातून कधी नव्यानं दिसलं नाही, हे खरं.

उजेडाची नावंही त्यांची स्वतःची होती. “फर्स्ट शिफ्टचा उजेड कामाचा. सेकंड शिफ्टचा थकेल असते, पन गोड असते. आन् जनरल शिफ्टचा उजेड साहेबासारखा, डोक्यावर उभा रायते, कोनाची सावलीही मोकळी पडू देत नाई.” त्यामुळे सकाळी नऊच्या पुढे त्यांचा कॅमेरा बॅगेत जायचा तो चार वाजेपर्यंत बाहेर यायचा नाही. मी म्हणायचे, “काका, मी बँकेतली, मला जनरल शिफ्टच मिळते.” ते म्हणायचे, “म्हनूनच तुझे फोटो असे येऊन राहिले.”

तांदुळा धरणावर एकदा आम्ही सूर्योदयाला गेलो होतो. पाचपन्नास लोक मोबाईल उगारून पूर्वेकडे तोंड करून उभे. मीही त्यांच्यातच, दणादण चाळीस फोटो काढले. वळून बघते तर काका सगळ्या जगाकडे पाठ करून बसलेले! “अवो, तो सूर्य काय पळून जाऊन राहिला? तो ज्याच्या तोंडावर पडून राहिला त्याले पाह्य ना.” त्यांच्यासमोर गोवऱ्यांचा एक ढीग होता. प्रत्येक गोवरीवर थापणारीची पाच बोटं, आणि तिरप्या उजेडात ती सगळी बोटं उठून आली होती. माझे चाळीस सूर्य आमच्या बँकेच्या कॅलेंडरवर शोभले असते. त्यांची गोवरी मी अजून विसरलेली नाही.

आता मला माझा गुन्हा सांगायला हवा.

मरोदाच्या तळ्यावर थंडीत बगळे येतात. एका सकाळी मला तिथे सुंदर फोटो मिळाला. गुलाबी पाणी, धुकं आणि मधोमध एका पायावर उभा बगळा. फक्त त्याच्या मागे प्लांटचं उंच धुराडं होतं, ज्याला इथे सगळे चिमनी म्हणतात. मी घरी आले, कॉम्प्युटरवर बसले आणि पाच मिनिटांत ते धुराडं पुसून टाकलं. मागे स्वच्छ आभाळ. सिव्हिक सेंटरला निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, तिथे तो पाठवला आणि तो निवडला गेला. दरवाज्याजवळच, पहिल्याच भिंतीवर! माझा आनंद काय सांगू. अख्खी बँक येऊन गेली. मॅनेजर साहेबांनी फोटोसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “चिमनी कुठी गेली?”

“कोणती चिमनी?” मी म्हटलं. आज सांगायलाही लाज वाटते, पण म्हटलं.

“त्या काठावरून बगळ्याच्या मांगं चिमनी दिसते. मले नको सांगू.”

“काका, निसर्गाचं प्रदर्शन आहे हे. निसर्गात प्लांट कशाला?”

“आन् तो बगळा कोनाच्या तळ्यात उभा आहे?” त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. “प्लांटले पानी पायजे म्हनून तळं. तळं आहे म्हनून मासोळी. मासोळी आहे म्हनून तुझा बगळा. तू आमाले पुसलं आन् बगळा तेवढा ठेवला.” एवढं बोलून ते चहाही न घेता निघून गेले.

मी तो फोटो लगेच काढून घेतला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही घेतला. प्रदर्शन संपेपर्यंत तो तिथेच होता, मला प्रमाणपत्रही मिळालं. भिलईतली एवढी माणसं तो बघून गेली, प्लांटवर ज्यांची चूल पेटते ती सुद्धा, पण धुराडं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. याचंच मला जास्त टोचत राहिलं.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेनात. तेव्हा मी मूळ फोटो, धुराड्यासकट, मोठा छापून घेतला आणि बोरसीला त्यांच्या घरी गेले. मनात होतं, म्हातारा आता विरघळेल. काकांनी फोटो हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “हाही रिजेक्ट.”

“आता कावून?” माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

“बगळ्याच्या डोक्यात चिमनी ठोकली तू. पाह्य ना, टोपी घातल्यासारखी दिसून राहिली. दोन पावलं उजवीकडं सरकाचं होतं. दोघंही आपापल्या जागी उभे दिसले असते.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुले मिटवता येते. पन सरकता येत नाई.”

  काकूंनी पोहे आणून ठेवले आणि वातावरण हलकं करायला म्हणून भलतीच बातमी सांगितली. मुलानं पुण्यात घर घेतलं होतं. काकांना दम लागत होता, तिथे डॉक्टर बरे. होळी झाली की दोघं कायमचे जाणार होते. मी बोटांवर मोजलं, सहा रविवार राहिले होते. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त एक गोष्ट हवी होती. हा माणूस जाण्याआधी त्याच्या तोंडून एकदा ‘पास’ ऐकायचं होतं. चौथीतल्या पोरीला बाईंकडून शाबासकी हवी असते ना, तसं.

“काका, तोच फोटो पुन्हा काढते,” मी म्हटलं. “तुम्ही सोबत या.”

“चाल ना. मी काय मना करून राहिलो?”

पहिल्या रविवारी इतकं धुकं की धुराडंच काय, काकाही दिसेनात. दुसऱ्या रविवारी बगळा आला आणि भलत्याच टोकाला जाऊन बसला. तिसऱ्या रविवारी मी बॅटरी चार्जरमध्येच विसरले, त्यावर काका जे बोलले ते इथे लिहीत नाही. चौथ्या वेळी त्यांना इतका खोकला आला की ते रिक्षातच बसून राहिले. पाचव्या वेळी मुलांनी फटाका फोडला आणि सगळे पक्षी उडाले. मी रडकुंडीला आले होते. काका म्हणाले, “जागा तीच, माल रोज नवा. कटाळू नको, रोज पाहाले यावं लागते.”

शेवटच्या रविवारी मी थेट चिखलात आडवी झाले. दोन नाही, चांगली पाच पावलं उजवीकडे सरकून. बगळा पाण्यात आला. धुराडं त्याच्यापासून वेगळं, दूर उभं, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. एका कोपरावर तोल सावरत मी बटण दाबलं, आणि बगळा उडाला. एकच फोटो मिळाला, पण काय फोटो होता! धुराड्याचं टोक वरच्या कडेला जेमतेम शिवत होतं. मी धावत काकांकडे गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कॅमेऱ्याचा पडदा डोळ्याशी नेला. “बगळा बराबर. चिमनी बराबर. उजेड फर्स्ट शिफ्टचा. कोपरे साफ.” माझी छाती फुगत चालली होती. “पन पानी दोन सूत डावीकडं झुकलं. रिजेक्ट.”

दोन सूत म्हणजे पाव इंच! “काका, पाणी कधी झुकतं का?” मी ओरडले.

“तेच तर म्हंतो मी.”

“घरी सरळ करीन. एका मिनिटाचं काम आहे.”

“कर ना.”

घरी बसले. फोटो सरळ फिरवला की कडा कापल्या जायच्या आणि वरून धुराड्याचं टोक जायचं. टोक ठेवावं तर पाणी तिरपं. चार वेळा करून पाहिलं. धुराड्याला हात लावायची हिंमत आता माझ्यात नव्हती. शेवटी वैतागून तिरपाच छापला, फ्रेम केला आणि दुर्ग स्टेशनवर त्यांच्या हातात दिला. “घ्या तुमचा रिजेक्ट माल.”

ते खो खो हसले. “रिजेक्ट रूळ फेकत नाई कोनी, बाई. भट्टीत वापस टाकते.” फ्रेम काखेत मारून ते डब्यात चढले. मी इतकी चिडलेली होते की नीट निरोपही घेतला नाही. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर उभी राहून स्वतःलाच शिव्या दिल्या.

नंतर दर रविवारी फोन यायचा. “जय भीम, बँकवाले बाई. आज उजेड कसा आहे तेथी?” मी सांगायचे. पुण्यात बाराव्या मजल्यावरून म्हणे नुसत्या दुसऱ्या बिल्डिंगी दिसायच्या, गाल टेकायला जमीन नाही. फ्रेमबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही, मेला तो ताठा, कधी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी काका गेले. मुलाचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. समोरच्या ग्राहकाला मी काय दिलं, काय घेतलं, मला आठवत नाही.

महिन्याभरानं काकूंना भेटायला पुण्याला गेले. काकांच्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर माझा फोटो होता, आणि फ्रेम चांगलीच वाकडी टांगलेली. उजवी बाजू खाली आलेली. माझा हात सरळ करायला आपसूक पुढे गेला.

“राहू दे, राहू दे!” काकू ओरडल्या. “हात नको लावू त्याले. वाकडंच ठेवाचं आहे ते.”

मग त्यांनीच सांगितलं. काकांनी खिळा स्वतः ठोकला. मग अख्खी सकाळ फ्रेम जराशी हलवायची, मागे येऊन बघायची, पुन्हा हलवायची, असं चाललं होतं. सरकू नये म्हणून मागे कागदाची घडी खोचली. सूनबाई धूळ पुसताना सरळ करायच्या, हे उठून पुन्हा वाकडी करायचे. शेवटी उठता येईना तेव्हा पलंगावरून बोटानं दाखवायचे आणि काकू हलवायच्या. आनखी, आनखी थोडं, बस.

“मले कधी सांगतलं नाई कावून,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, म्हाताऱ्याचा डोळा गेला आता. तुले समजते का काही?”

मी मागे सरकून उभी राहिले. फ्रेमचं लाकूड उजवीकडे तिरपं होतं, माझं पाणी डावीकडे झुकलं होतं बरोबर तेवढंच. आत मरोदाचं पाणी या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणसळ लावल्यासारखं सरळ पडलं होतं, आणि धुराडं टोकापर्यंत शाबूत, ताठ उभं होतं.

“काकू,” मी म्हटलं, “त्यांनी पास केला हो.”  मी पलंगाच्या कडेवर बसून ढसाढसा रडले, आणि काकू, काहीएक न समजता, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.