पहिल्या पानावरचं नाव

आमच्या वाचनालयातल्या रहस्यकथांमधल्या खुन्यांची नावं कोणीतरी आधीच फोडून ठेवत होतं. पुस्तक उघडावं, तर पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: 'डॉक्टर', नाहीतर 'धाकटी सून'. बस्स. तीनशे पानांचा सत्यानाश!

माझा तर जीव जळायचा. निवृत्त झाल्यापासून रहस्यकथा हेच माझं व्यसन, आणि त्यातही लाडकी ती फादरची मालिका. मच्छीमारांच्या गावातल्या चर्चचा हा पाद्री सायकलवर फिरतो, घरोघरी चहा पितो आणि पोलिसांच्या आधी खुनी ओळखतो. त्याची एकच गोष्ट मला पटायची नाही. खुनी कळला की तो सरळ पोलिसांकडे जात नाही. आधी त्या माणसाकडे एकटा जातो, समोर बसतो आणि तो जे बोलेल ते ऐकून घेतो. ती पानं मी सरसकट गाळायचो. खुनी सापडला, विषय संपला. पुढचं प्रवचन हवंय कोणाला?

तर मी तपास हाती घेतला. कार्यकारिणीत होतोच. मालिकेतलं एक नवंकोरं पुस्तक आलं, ते सगळ्यांच्या आधी मी नेलं, वाचलं, पानन्‌पान तपासून परत केलं. दोन दिवसांनी पुन्हा मागून घेतलं, तर कोपऱ्यात नाव हजर! मधल्या दोन दिवसांत ते कोणी नेलंच नव्हतं. म्हणजे ते एकाच माणसाच्या हाती होतं, पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या आमच्या बाईंच्या.

मी खूश झालो, हे कबूल करायला हवं. रविवारी वार्षिक सभा होती. तिथे सगळ्यांसमोर उलगडा करायचा, असा माझा बेत. त्यात बाईंची नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं. अध्यक्षांना त्यांच्या जागी कॉम्प्युटर येणारं कोणीतरी तरुण हवंच होतं. तरी शनिवारी संध्याकाळी, वाचनालय बंद व्हायच्या सुमारास मी बाईंकडे गेलो. दया म्हणून नव्हे. फादरसारखं समोर बसून त्यांचा चेहरा पडताना मला बघायचा होता.

पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. "काहून लिहिता बाई?" मी विचारलं.

त्यांनी नाकारलं नाही. "आमचे हे दवाखान्यात होते ना काका, तवा मी रोज त्यायले वाचून दाखवत होती. हेच, फादरचं. एक दिवस भेटायची वेळ संपली, तं म्हणाले, 'शेवटचं पान पाहून सांग ना वं, कोणी मारलं.' मी म्हटलं, 'सबर करा थोडं, मजा जाते. उद्या वाचू.'" त्यांनी पानाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला. "सकाळी गेले ते. एक नाव तं होतं काका. सांगून टाकलं असतं तं काय बिघडलं असतं माझं?"

मी पुस्तक मिटून ठेवलं.

"आता कोणी पुस्तक न्यायले लागलं का मले वाटते, या माणसाचं तरी राहून नोको जायले."

चेहरा माझाच पडला होता. "यापुढे लिहू नका," एवढंच म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

सभेत मी सांगितलं, तपास लागला नाही. "काय गा, एवढं फादर-फादर करून राहिला होता तू, अन् हात हलवत आला?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मला लाज वाटत होती, पण त्यांच्या हसण्याची नाही.

यंदा मला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बायपाससाठी घाईनं भरती व्हावं लागलं. मालिकेतलं शेवटचं पुस्तक घरी अर्धवट राहिलं. ऑपरेशनच्या सकाळी घड्याळ, कवळी, चष्मा, सगळं काढून घेतलं. मला मरणाची भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही डोक्यात एकच घोळत होतं: खुनी कोण, बहीण की वकील? शेवटी मुलीला बाईंना फोन लावायला सांगितलं. मी नुसतं पुस्तकाचं नाव घेतलं. बाईंनी तब्येत विचारली नाही की काही नाही.

"वकील," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "आता बिनघोर राहा काका."

मी घरी परतलो. उरलेली साठ पानं रोज थोडी थोडी वाचली. खुनी ठाऊक होता, त्यामुळे घाई नव्हती. फादर वकिलाच्या घरी जातो आणि दिवसभर त्याचं ऐकत बसतो, ती पानंही या खेपेला गाळली नाहीत. दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा रडलो.

पुस्तक परत करायला निघालो तेव्हा दारातून मागे फिरलो, पेन्सिल शोधली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'वकील'.