कर्ज म्हणायला लागलो तेव्हा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे एम.एस्सी.साठी शैक्षणिक कर्ज घेतलं, तेव्हा ते कसं वापरायचं हे विचारायला घरात कुणी नव्हतं. धारच्या बँकेतल्या बाईंनी हिंदीत जे समजावलं तेच मी धरून बसले. फी थेट कॉलेजला जाईल. राहण्याखाण्यासाठी मागशील तेवढंच खात्यात टाकू, पण टाकलं त्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून देवासला मी दोघींत एक खोली घेतली, डबा एकाच वेळचा लावला आणि सहामाहीला लागेल तेवढंच मागितलं. खातं माझं आणि बाबांचं मिळून होतं.

घरात मात्र कर्ज हा शब्द चालत नसे. पूर्वज दरबारी कारकून, आजोबा देवळात पूजेला. बाबा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टवर जातात, तरी आमचा ताठा तोच. पहिले पैसे आले तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली आणि शेजारणीला सांगितलं, सरकारकडून मिळाले. दोन दिवसांत त्याची स्कॉलरशिप झाली. शिफ्टच्या बसमध्ये लोक बाबांना म्हणत, "भिया, बिटिया को सरकार पाल रही है, कचोरी तो बनती है." बाबांनी कचोरी खाऊही घातली.

पुढच्या सहामाहीचे पैसे आले आणि त्याच सुमारास बदनावरच्या आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलीच्या मामानं कपडे आणि दागिने घेऊन वाजतगाजत यायचं, याला इकडे मामेरं म्हणतात. माळव्यात राहून आमच्या मराठी घरांतही ते रुजलं आहे. आत्यानं फोनवर बाबांकडे चांदीच्या ताटाचा विषय काढला. पोरीला सरकार पोसतंय, तुझा पगार मोकळाच आहे, असं ती हसत म्हणाली.

रविवारी बाबा देवासला आले. खोलीत बसलेच नाहीत, दारातच उभे राहिले. ते पैसे आता वापरू, डबल शिफ्ट करून भरून देईन, असं म्हणाले. त्या पैशांत माझं भाडं होतं आणि परीक्षेची फी होती, ती विद्यापीठाला मलाच भरायची होती. फी चुकली तर वर्ष जाणार होतं. हे मी त्यांना नीट सांगितलं की नुसतं पुटपुटले, आठवत नाही. शेवटी एवढंच विचारलं, "बाबा, आत्याला खरं सांगायचं का?"

"मोठ्या भावानं बहिणीला हे सांगायचं?"

"मी सांगते."

बाबा हो म्हणाले नाहीत. पण बसस्टँडवर त्यांनी धारऐवजी बदनावरकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी केली.

आत्या गहू निवडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "आत्या, ती स्कॉलरशिप नाही. बँकेचं कर्ज आहे, व्याजासकट मलाच फेडायचंय."

तिचा हात सुपातच थांबला. ती बाबांकडे बघून म्हणाली, "म्हणजे हिच्या कर्जातून तू मला चांदी देणार होतास, दादा?" मग म्हणाली, "चांदीचं ताट येणार म्हणून मी सासरी सगळ्यांना सांगून बसलेय. आता मी काय तोंड दाखवू?"

आत्यानं चहा केला, पण आमच्याबरोबर घेतला नाही.

लग्नात बाबांनी भाचीसाठी इकडच्या ठसेछपाईची बागप्रिंट साडी आणि चांदीचं एक निरांजन नेलं. बायकांनी मामेऱ्याच्या ताटावरचं फडकं उचलून पाहिलं. एकीनं विचारलं, "बस, इतकंच?"

"भावाची पोर शिकतेय," आत्या आमच्याकडे न बघता म्हणाली. "कर्ज काढून."

मी बाबांकडे पाहिलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते भाचीच्या मागे मान खाली घालून उभे होते.

परीक्षेची फी मी वेळेवर भरली. आत्याचे फोन कमी झाले. येतात तेव्हा ती बाबांशी मोजकंच बोलते, मग मी घरी असले तर मला फोन द्यायला सांगते आणि विचारते, व्याज किती झालं गं.